ढकलली की सुरू, किक मारली की मुकी: आधी टॅपेट मोजा

तुमची अडचण आधी एकदा मांडतो. २००७ची होंडा सीआरएफ २५० आर तुम्ही सहा महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतली. सकाळी थंड इंजिनला तीस-तीस किका मारूनही ती सुरू होत नाही. दोन मित्रांनी ढकलली, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला, की पहिल्याच झटक्याला सुरू होते आणि मग दिवसभर झकास पळते. ट्रॅकवर पडून बंद झाली तर पुन्हा तीच रड. प्लग नवा टाकलाय, कार्ब्युरेटर दोनदा साफ केलाय. मेकॅनिकने आता कार्ब्युरेटरच नवा घ्यायला सांगितलाय आणि घ्यावा का, असं तुम्ही विचारताय.

घेऊ नका. निदान एवढ्यात तरी नको. तुम्ही लिहिलेल्यात सगळ्यात मोलाची गोष्ट कार्ब्युरेटरची नाही, ढकलण्याची आहे. किकेने नाही पण ढकलून लगेच, आणि एकदा सुरू झाली की ताकदीला कमी नाही, असं असलं की माझा हात पहिल्यांदा फिलर गेजकडे, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पात्यांकडे जातो. नाशिकमध्ये डर्ट ट्रॅकच्या गाड्यांची कामं करताना मला हे दुखणं इतक्या वेळा भेटलंय की गाडी हातात येण्याआधीच मी विचारतो, 'टॅपेट शेवटचं कधी मोजलं?' टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणारा कॅम यांच्यातली गॅप. बहुतेकांचं उत्तर असतं, 'टॅपेट वाजतच नाही, मग मोजायचं कशाला?'

गोची नेमकी इथेच आहे. आपण स्प्लेंडर आणि बुलेटवर शिकलो. तिथे टॅपेट सैल होतं, वाजायला लागतं, आणि कान आपल्याला सांगतो. या इंजिनात इनटेकचे, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारे, दोन व्हॉल्व्ह टायटॅनियमचे आहेत. वजनाला हलके, म्हणून इंजिन तेरा हजारांच्या आसपास फिरू शकतं. पण टायटॅनियम स्वतः मऊ असतं. त्याच्या तोंडावर कडक कोटिंगचा एक पातळ थर असतो आणि सगळी झीज तो सोसतो. हवेतून बारीक धूळ आत गेली की ती व्हॉल्व्ह आणि तो जिच्यावर बसतो ती सीट यांच्यामध्ये दळली जाते, थर जातो, आणि व्हॉल्व्ह सीटमध्ये वर सरकत रुतायला लागतो. व्हॉल्व्ह वर सरकला की त्याची दांडी कॅमच्या जवळ येते. म्हणजे झिजेबरोबर गॅप वाढत नाही, कमी होते. इंजिन वाजत नाही, उलट जास्तच शांत होतं. गॅप शून्यावर आली की व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही आणि कॉम्प्रेशनची हवा उलटी कार्ब्युरेटरकडे निसटते. या गाडीत वाजणाऱ्या टॅपेटची मला इतकी भीती वाटत नाही, मुक्या टॅपेटची वाटते.

आता ढकलल्यावर का सुरू होते ते बघा. किकेने इंजिन काही फेरेच फिरतं, तेही सावकाश. निसटायला हवेला भरपूर वेळ मिळतो. सिलिंडरमध्ये दाब तयार होत नाही, आणि पायलट जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या आयडलिंगच्या बारीक भोकातून, पेट्रोल ओढून घेण्याएवढी ओढही बसत नाही. ढकलताना मागचं चाक इंजिनला कितीतरी जोरात फिरवतं. व्हॉल्व्ह तेवढाच गळका असतो, पण गळायला वेळच नसतो. एकदा इंजिन आपल्या वेगावर आलं की ती गळती जाणवतही नाही. म्हणून गाडी 'मस्त पळते', आणि म्हणूनच माणूस फसतो.

मोजणी घरी होते, घाबरायचं कारण नाही. गाडीची सीट आणि टाकी काढा. वरची सगळी जागा आधी ब्रशने आणि हवेने स्वच्छ करा. हेड कव्हर उघडल्यावर आत पडलेला मातीचा एक खडा सगळ्या कामाची वाट लावतो. प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. खूण जुळली तरी कॅमचे इनटेकचे लोब (फुगवटे) बकेटपासून, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या वाटीपासून, दूर फिरलेत ना, हे डोळ्याने बघा. नाहीतर एक फेरा चुकतो आणि आकडे भलतेच येतात. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे ३५ अंशांच्या खाली. उन्हाळ्यात संगमनेरला दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी गाडी यापेक्षा गरम असते, तेव्हा हे काम सकाळीच करा.

गॅप इनटेकला ०.१२ मिलिमीटर हवी, इकडे-तिकडे ०.०३. एक्झॉस्टला ०.२८, तेवढीच सूट. १०ची, म्हणजे ०.१० मिलिमीटरची, पात इनटेकच्या बकेट आणि कॅममध्ये किंचित अडत, लोण्यातून सुरी गेल्यासारखी सरकली पाहिजे. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे ती शिरणार नाही. पाचची पातसुद्धा तोंडाशीच अडेल, आणि दोन व्हॉल्व्हपैकी एक दुसऱ्यापेक्षा जास्त घट्ट निघेल. दोन्हींचे आकडे वेगवेगळे लिहा. 'घट्ट आहे' एवढं लिहून भागत नाही.

घट्ट निघालं तर बकेटखालची शिम, म्हणजे छोटी चकती, बदलायची. हिशोब साधा आहे. गॅप ०.०४ आली, हवी ०.१२, म्हणजे ०.०८ने पातळ शिम लागणार. शिमवर १८० लिहिलं असेल तर ती १.८० मिलिमीटरची, तेव्हा १.७२ हवी. होंडाच्या शिमा ०.०२५च्या टप्प्याने येतात, म्हणून १.७२५ घ्यायची. पण शिमवरच्या आकड्यावर विसंबू नका, मायक्रोमीटर लावा. जुन्या गाडीत आधीच्या कुणीतरी शिम घासून पातळ केलेली असते, आणि आकडा मात्र तोच दिसतो.

शिम बदलली की गाडी त्याच संध्याकाळी दोन किकेत सुरू होईल आणि तुम्हाला वाटेल, काम झालं. इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे: शिम हा इलाज नाही, मुदतवाढ आहे. कोटिंग शाबूत असेल तर ती मुदत लांब असते. कोटिंग गेलं असेल तर पुढच्या चार-सहा तासांतच गॅप परत मिटते. म्हणून शिम बदलल्यावर तीन तास चालवा आणि पुन्हा मोजा. आकडा जागच्या जागी असेल तर निश्चिंत चालवा. पुन्हा घट्ट झाला असेल तर दुसरी, तिसरी शिम घालत बसू नका. तो व्हॉल्व्ह संपलाय. तसाच चालवला आणि त्याचं डोकं तुटून पिस्टनवर पडलं, तर हेड, पिस्टन, सिलिंडर, सगळं एकदम जातं.

व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. टायटॅनियमच्या व्हॉल्व्हला ग्राइंडिंग पेस्ट लावायची नाही. आपल्याकडे हेडचं काम म्हटलं की व्हॉल्व्हला पेस्ट लावायची, लाकडी दांडी तळव्यात घुसळायची आणि करड्या रंगाची कडी उमटली की शाबासकी घ्यायची. लोखंडी व्हॉल्व्हला ते ठीक. मी सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाच्या गाडीचे नवेकोरे टायटॅनियम व्हॉल्व्ह असेच घासून बसवले. कडी सुरेख दिसत होती. म्हणजेच कोटिंग मी माझ्या हातांनी काढून टाकलं होतं. दुसऱ्या रविवारी तो मुलगा गाडी ढकलत परत आला. ते व्हॉल्व्ह मी माझ्या पैशांनी बदलून दिले, आणि त्यातला एक अजून माझ्या टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात आहे. नवीन पोऱ्या कामाला आला की आधी तो त्याच्या हातात देतो आणि तोंडाच्या कडेवरून नख फिरवायला सांगतो. नख अडतं. तेवढी खाच पुरते.

व्हॉल्व्हची सीट मात्र कापून घ्यावीच लागते, आणि ती बरोबर कोनांच्या कटरने. नव्या व्हॉल्व्हला जुनी खडबडीत सीट म्हणजे नव्या बुटात खडा. ज्यांच्याकडे काम देणार त्यांना आधी विचारा की या मापाचा कटर आणि त्याला सरळ धरणारा पायलट आहे का. ट्रॅक्टरच्या हेडचं काम उत्तम करणारा माणूसही इथे अडू शकतो, त्यात त्याचा दोष नाही, हत्यारच वेगळं लागतं. रेस करत नसाल, रविवारी मुरमाच्या माळावर चालवत असाल, तर स्टेनलेस स्टीलच्या व्हॉल्व्हचा किट घ्या असं मी सांगेन. ते जड असतात, म्हणून त्यांच्याबरोबर त्यांच्याच कडक स्प्रिंगा टाकाव्या लागतात. जुन्या स्प्रिंगांवर ते वरच्या वेगाला तरंगतात, म्हणजे वेळेत बंद होत नाहीत. शेंड्याचा जोर थोडा उतरेल, पण इंजिन टिकेल.

आणि हे सगळं पुन्हा होऊ नये असं वाटत असेल तर एअर फिल्टर. आपल्याकडे दिवाळीनंतर ट्रॅकवर जो फुफाटा उडतो तो मैद्यासारखा बारीक असतो. कोरड्या फोममधून तो सरळ आत जातो. फोमचा फिल्टर धूळ अडवतो तो चिकट तेलामुळे, नुसत्या फोममुळे नाही. मी बघतो ती मुलं फिल्टर पेट्रोलमध्ये बुचकळतात, झटकतात आणि कोरडाच बसवतात. पेट्रोलने त्याच्या शिवणीचा डिंकही सुटतो. रॉकेल किंवा फिल्टर क्लीनरने धुवा, मग साबणाच्या पाण्याने, सावलीत पूर्ण वाळवा, फिल्टरचं तेल घालून सगळीकडे सारखं मुरेपर्यंत दाबा, पिळू नका. कडेला ग्रीसचा एक हात द्या. मग परीक्षा घ्या. पुढच्या राइडनंतर फिल्टर काढा आणि इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आतून पांढरं फडकं फिरवा. फडकं तांबूस झालं तर धूळ आत जातेय, मग फिल्टर बाहेरून कितीही स्वच्छ दिसो.

आता समजा तुम्ही मोजलं आणि टॅपेट बरोबर निघालं. तसंही होऊ शकतं, म्हणून पुढचं लिहितो.

कार्ब्युरेटर दोनदा साफ केला म्हणता, पण पायलट जेट बाहेर काढून उजेडाकडे धरून बघितला का? नुसता स्प्रे मारला असेल तर ती सफाई नव्हे. या कार्ब्युरेटरच्या तळाला १७च्या पान्याचं मोठं पितळी बूच आहे. ते उघडलं की फ्लोटची वाटी न काढताही जेटपर्यंत हात पोचतो. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचं माप: ४२ नंबर म्हणजे ०.४२ मिलिमीटर. केसासारखं भोक. सुरू होणं आणि आयडलिंग सगळं त्या भोकावर चालतं, मेन जेटचा इथे काही संबंध नाही. त्यात पिवळट पापुद्रा बसला की आरपार उजेड दिसतो, पण भोक गोल दिसत नाही. अर्धवट बंद जेट पूर्ण बंद जेटपेक्षा जास्त छळतो, कारण गाडी चालू राहते. क्लच केबलच्या तारेतला एक बारीक पदर घालून हलकेच फिरवा. जोर केला तर भोक मोठं होईल आणि मग जेटच नवा घ्यावा लागेल.

हे पूर्वीपेक्षा आता जास्त होतं त्याला पेट्रोलही कारण आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि २००७च्या गाडीची रबरं त्या पेट्रोलच्या हिशोबाने बनवलेली नव्हती. दोन आठवड्यांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे. पावसाळाभर शेडमध्ये उभी राहिलेली आणि दसऱ्याला किकेला दाद न देणारी गाडी माझ्याकडे आली की मी आधी ती वाटी काचेच्या ग्लासात रिकामी करतो. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसतो, आणि मालकाला काही समजावून सांगावं लागत नाही.

आयडलिंगचं पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या फ्युएल स्क्रूकडेही बघा. तो पुढच्या बाजूला खालून असतो, त्यात स्प्रिंग, वायसर आणि इवलीशी ओ-रिंग असते. सफाईत ती ओ-रिंग हमखास हरवते, आणि मग हवा घेऊन गाडी थंडीत अडते. गरम इंजिनवर अडीच फेऱ्यांपेक्षा जास्त उघडल्याशिवाय आयडलिंग जमत नसेल तर पायलट जेट एक नंबर मोठा हवा. एका फेऱ्याच्या आत जमत असेल तर लहान.

करंटचं थोडक्यात सांगतो. प्लग हेडला टेकवून किक मारा, पण प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. ठिणगी निळी आणि चटका वाजणारी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर आधी किल स्विचची वायर सोडवून पुन्हा बघा. चिखलाने धुतलेल्या गाडीत तो स्विच अर्धवट शॉर्ट होतो. स्टेटरची (करंट तयार करणारी) कॉइल कमजोर झाली तरी ढकलून सुरू होते आणि किकेने नाही, हे खरं. पण अशी गाडी बहुधा गरम झाल्यावर जास्त त्रास देते. तुमची थंड असताना जास्त देतेय.

शेवटी किकेबद्दल. तुमच्या वडिलांकडे लोखंडी इंजिनची बुलेट होती असं तुम्ही लिहिलंय. त्यांना विचारा, ते अँपिअरची सुई मध्यावर आणून, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) दाबून पिस्टन जरा पुढे ढकलायचे आणि मग एकच किक घालायचे. सीआरएफमध्ये डिकॉम्प्रेसर कॅमवरच आहे आणि आपोआप चालतो, दाबायला काही नाही. पण तत्त्व तेच. पाय दाबून पिस्टन कॉम्प्रेशनवर आणा, जड लागेल. तिथून अगदी थोडं पुढे सरकवा, जड लागणं सुटेल. आता किक पूर्ण वर येऊ द्या आणि शेवटपर्यंत, फूटपेगच्या खाली जाईपर्यंत, एका दमात खाली न्या. झटका देऊन मध्येच पाय उचलायचा नाही. आरएक्स १००ला हाताने किक मारून सुरू करणारी आपली मुलं तीच अर्धी, उडती किक इथे मारतात. तो टू-स्ट्रोक होता, त्याला दर फेऱ्याला ठिणगी आणि दर फेऱ्याला स्फोट. इथे चार स्ट्रोकांतून एकदाच संधी मिळते. अर्ध्या किकेत ती येतच नाही.

अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवा. किक मारताना मूठ नकळत पिळली जाते, कारण सगळं अंग खाली जात असतं. या कार्ब्युरेटरला अ‍ॅक्सिलरेटर पंप आहे: मूठ पिळली की एक पिचकारी थेट इंजिनात. थंड इंजिनला चोक ओढा, एक-दोनदा मूठ पिळा, मग हात ढिला सोडून किक मारा. गरम इंजिनला एकदाही पिळू नका. पडल्यावर गाडी आडवी असताना पेट्रोल आत सांडलेलं असतं, त्यात घाबरून मूठ पिळली की ओव्हर झालीच, म्हणजे पेट्रोल जास्त झालं. अशा वेळी डाव्या हाताकडची हॉट स्टार्टची लिव्हर दाबून धरा, म्हणजे जास्तीची हवा आत जाते, मूठ बंद ठेवून पूर्ण किक मारा. गाडी सुरू झाली की लिव्हर सोडा. तरी नाही झाली तर ती ओव्हर झालीय असं समजा: किल बटण दाबून ठेवा, मूठ एकदाच सावकाश पूर्ण उघडा, तशीच धरून आठ-दहा किका मारा, म्हणजे आतलं पेट्रोल बाहेर जाईल. मग मूठ पूर्ण बंद करून पुन्हा पहिल्यापासून. न्यूट्रलमध्येच मारा; क्लच दाबला तरी थंड तेलात प्लेटा चिकटतात आणि तुमची निम्मी ताकद मागचं चाक फिरवण्यात जाते.

बूट घाला. हे मी हात जोडून सांगतो. चपलेवर किक मारताना उलटी किक बसून घोटा गेलेली दोन माणसं मी स्वतः उचलून दवाखान्यात नेली आहेत. अचानक किक उलटी बसायला लागली असेल तर मारणं ताबडतोब थांबवा आणि मॅग्नेटचं कव्हर उघडा: नट ढिला पडून मॅग्नेटला जागेवर धरणारी छोटी चावी कातरली असेल तर टायमिंग सरकतं, आणि ठिणगी वेळेआधी पडते.

एका वहीत रोज सकाळच्या किका लिहायला लागा. तारीख, किका, चालवलेले तास. निरोगी सीआरएफ थंडीत तीन-चार किकांत सुरू व्हायला हवी. तो आकडा तीनवरून पाचावर, सातावर चढताना दिसला की व्हॉल्व्ह हलायला लागलाय. तिसाव्या किकेपर्यंत वाट बघायची गरज नाही. मी जिथे गाडीचे तास आणि किका दोन्ही लिहिलेली वही बघतो, तिथे निम्मं निदान वाचूनच होतं.

कार्ब्युरेटरचे पैसे सध्या खिशात ठेवा. ०.०३ पासून सुरू होणारा फिलर गेजचा संच घ्या, रविवारी सकाळी हेड कव्हर उघडा आणि मला चार आकडे पाठवा: डावा इनटेक, उजवा इनटेक, दोन्ही एक्झॉस्ट. सोबत आतल्या शिमांची मायक्रोमीटरने मोजलेली जाडीही लिहा. इनटेकची शिम १.५० च्या आसपास निघाली तर तुमच्या आधीच्या मालकाने बहुधा दोन-तीन मुदतवाढी घेतलेल्या आहेत, आणि मग आपण शिमेवर नाही, सरळ व्हॉल्व्हवरच बोलू.